एका खुर्चीचे दूरदर्शन

होम थिएटर या संज्ञेत तीन वस्तू मोडतात : भिंत व्यापणारा पडदा, त्या पडद्याशी फटकून खोलीभर विखुरलेले स्पीकर, आणि या दोघांत समेट घडवणारा रिसीव्हर नावाचा काळा डबा, ज्याच्या पाठीमागे कोणती वायर कुठे जाते हे तंत्रज्ञाची मोटारसायकल फाटकाबाहेर पडल्यानंतर घरातल्या कोणालाही सांगता येत नाही. भिलाईच्या पोलाद वसाहतीत या तिन्ही वस्तू प्रामुख्याने दोन प्रसंगी घरात येतात, मुलाला बंगळूर किंवा पुण्यात नोकरी लागल्यावर आणि कुटुंबप्रमुखाची ग्रॅच्युइटी हाती आल्यावर. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या दूरचित्रवाणी संचांवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आल्याने तिसराही प्रसंग उपलब्ध झाला असून, करात वाचलेली रक्कम सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरीवर घालवणे हा त्याचा सर्वमान्य विधी होय.

या वसाहतीच्या कारखान्याचा आणि भारतीय दूरदर्शनचा जन्म एकाच वर्षातला आहे. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 रोजी झाले आणि दिल्लीतील दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण त्याच वर्षी 15 सप्टेंबरला सुरू झाले; परंतु सेक्टरांमधले क्वार्टर आखणाऱ्यांच्या ध्यानीमनीही ही भानगड नसल्याने त्यांनी भिंती माणसांच्या हिशेबाने बांधल्या. पुढे 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर चाललेल्या 'साइट' या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत संच बसवले गेले, ज्यांत शेजारच्या रायपूर भागातील खेडीही होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची तबकडी आकाशाकडे तोंड करून उभी राही आणि एका संचापुढे अख्खे गाव जमिनीवर बसे. पडदा कोणत्या कोनातून पाहावा, असा प्रश्न कोणाला पडल्याचे ऐकिवात नाही, कारण जागा मिळाली तोच कोन योग्य होता. जानेवारी 1987 मध्ये 'रामायण' मालिका सुरू झाली तेव्हा गावाची जागा आळीने घेतली, आणि रविवारी सकाळी ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी पंचवीस जोडी चपला, असे प्रमाण रूढ झाले.

आजच्या उच्च श्रेणीच्या संचाने ही गर्दी एका खुर्चीवर आणून ठेवली, हे प्रगतीचे खरे परिमाण मानावे लागते. ध्वनिशास्त्रात या खुर्चीच्या जागेला 'स्वीट स्पॉट' म्हणतात. सर्व स्पीकरांचा आवाज ठरलेल्या प्रमाणात आणि एकाच क्षणी जिथे पोहोचतो, ती ही जागा. 5.1 या आकड्यातील पाच म्हणजे समोरचे तीन व मागचे दोन स्पीकर, आणि दशांश चिन्हानंतरचा एक म्हणजे फक्त खर्जाचे खालचे स्वर काढणारा सबवूफर, 5.1.2 म्हटले की त्यात डोक्यावरून आवाज टाकणाऱ्या आणखी दोघांची भर पडते. तंत्रज्ञ फीत धरून मोजमाप करतो, स्टँडवर लहानसा मायक्रोफोन उभा करतो, घरातल्यांना श्वासही सावकाश घ्यायला लावतो, आणि शेवटी जमिनीवर खडूची फुली काढतो. या फुलीच्या दोन फूट उजवीकडे बसणाऱ्या गृहिणीला डावीकडचे हेलिकॉप्टर दबक्या आवाजात ऐकू येते, आणि दारापाशी मोड्यावर बसणाऱ्या सासूबाईंना एकच मागचा स्पीकर ऐकू येत असल्याने त्यांच्या लेखी संपूर्ण चित्रपट म्हणजे पावसाचा आवाज असतो.

या ठिकाणी एक विषयांतर क्षम्य ठरावे. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई, ज्यांना 2003 मध्ये पद्मभूषण आणि 2019 मध्ये पद्मविभूषण मिळाले, कापालिक शैलीत, म्हणजे उभ्याने वावरत आणि अभिनय करीत, पंडवानी ही महाभारताची गेय कथा सादर करीत आल्या. त्यांच्या हातातला एकच तंबुरा कधी भीमाची गदा होई, कधी अर्जुनाचे धनुष्य. प्रेक्षकाने कुठे बसावे याची फुली या पद्धतीत नसते आणि गदा डोक्यावरून गेल्याचा भास शेवटच्या रांगेतही होतो. अर्थात तंबुऱ्याला वॉरंटी नसते आणि त्याचे ॲपही निघालेले नाही, हे दोष मान्य करावेच लागतील.

पडद्याविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. 'फोर-के' पडद्यावर सुमारे 83 लाख ठिपके असतात, तर 'रामायण' ज्या पद्धतीने प्रसारित झाले तिच्यात चित्राच्या एकूण रेषाच 625 होत्या; तेव्हा जुनी मालिका नव्या संचावर लावली असता बहुतेक ठिपके संचातली चिप अंदाजपंचे भरते. एवढ्या ठिपक्यांवर संध्याकाळी प्रत्यक्षात दिसते काय, तर आठ चौकटींत आठ वक्ते एकदम ओरडत असलेली बातम्यांची चर्चा, जिला पाच स्पीकरांची नव्हे, एका बुचाची आवश्यकता असते. चर्चेनंतर उरलेला वेळ पाहुण्यांना 'डेमो' दाखवण्यात जातो. ज्या शहरातल्या कारखान्यात रेल्वेचे रूळ तयार होतात आणि ज्याच्या पोलादाचा वाटा 'आयएनएस विक्रांत' या विमानवाहू नौकेतही आहे, त्या शहरात हा सारा थाट भुशाच्या दाबीव फळीच्या टेबलावर विराजमान असतो, ही गोष्ट वसाहतीतल्या कोणालाच खटकत नाही.

खरी विद्वत्ता लागते ती सबवूफरच्या बाबतीत. 50 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 50 आंदोलने करणाऱ्या ध्वनीची लहर सुमारे सात मीटर लांब असते आणि क्वार्टरची दहा बाय बाराची खोली जास्तीत जास्त पावणेचार मीटर. 'नाकापेक्षा मोती जड' ही म्हण ध्वनिशास्त्रात स्थायी लहर या नावाने ओळखली जाते. लहरीची अर्धी लांबी खोलीच्या लांबीशी जुळली की आवाज भिंतींपाशी सर्वाधिक घुमतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. फुली मात्र तंत्रज्ञाने मधोमध काढलेली असते. परिणामी ज्याने पैसे मोजले त्यालाच खर्ज ऐकू येत नाही, म्हणून तो रिमोटने सबवूफर वाढवतो, आणि प्रत्येक वाढीबरोबर स्वयंपाकघरातल्या मांडणीवरील डब्यांची झाकणे एका सुरात थरथरू लागतात. (हे डबे स्टेनलेस स्टीलचे असतात आणि ते पोलाद भिलाईत नव्हे, सेलमच्या कारखान्यात तयार होते, असा खुलासा निवृत्त कर्मचारी न विचारताही करतो.) थरथर थांबावी म्हणून गृहिणी सबवूफरवर क्रोशाचा रुमाल घालून त्यावर कुंडी ठेवते, ती प्रत्येक स्फोटागणिक बोटभर पुढे सरकते आणि मध्यंतरापर्यंत काठावर येते.

भिंतीचे एक अंग शेजाऱ्याकडेही असते, ही बाब माहितीपुस्तिकेत दिलेली नसते. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा असून रात्र म्हणजे 10 ते 6 अशी व्याख्या आहे. ही व्याख्या करणाऱ्यांची कधी रातपाळी झाली नसावी, कारण झोतभट्टी चोवीस तास पेटती असते आणि ज्याची रात्र सकाळी घरी आल्यावर सुरू होते अशा माणसाला कायद्यात रात्रच नाही. हा माणूस भिंतीला लागून असलेल्या खाटेवर पडतो, अर्थात जिथे खर्ज सर्वाधिक घुमतो नेमक्या त्याच जागी, आणि मालकाला न मिळालेले सगळे स्फोट, घोड्यांच्या टापा व भूकंप विनाशुल्क ऐकतो. नवा संच आल्यावर पंधरा दिवसांत तो संवाद न ऐकता चित्रपट ओळखू लागतो. तक्रार तो करत नाही, कारण पुढच्या गणपतीत मंडपापुढे लागणाऱ्या धुमाल वाद्यपथकाच्या वर्गणीची पावती त्याच्याही खिशात असते. एके दिवशी तो निमूटपणे खाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध घेतो आणि कोणताही सिद्धान्त न वाचता त्याला झोप लागते.

त्याच सुमारास इकडे मालक, खर्ज का मिळत नाही या विवंचनेत, खुर्ची मागे रेटत भिंतीला टेकवतो आणि एकाएकी प्रसन्न होतो. मात्र मागचे दोन स्पीकर आता त्याच्या पुढे आलेले असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी फीत आणि खडू घेऊन तंत्रज्ञ पुन्हा फाटकाशी उभा असतो.