लाटांची आणेवारी

कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ या गावी (मुंबईच्या उपनगराशी याचे नाते नावापुरतेच) पॅसिफिक महासागरावर झुकलेला एक कडा आहे, कड्यावर विटांचे एक ठेंगणे दीपगृह आहे, आणि दीपगृहाजवळच्या कठड्याला एक कोपर टेकून, दुसऱ्या हातात कॉफीचा पेला धरून, समुद्राकडे अत्यंत असमाधानाने पाहत उभा असलेला एक गृहस्थ आहे. तो एकच इसम आहे असे समजण्याचे कारण नाही. ती एक जमात आहे, आणि पृथ्वीच्या पाठीवर जिथे जिथे माणसे फळीवर उभी राहून लाटांवरून घसरतात, तिथे तिथे तिचा एक तरी प्रतिनिधी कोरड्या कपड्यांनिशी काठावर हजर असतो. वय साठीच्या घरात, डोक्यावर उन्हाने विटलेली लोकरी टोपी, मागे उभ्या केलेल्या जुनाट गाडीच्या टपावर एक लांबलचक फळी, आणि गाडीच्या आरशाला अडकवलेला काळा रबरी वेटसूट, असा त्याचा एकंदर सरंजाम असतो. हा वेटसूट कधी वाळत घातलेला नसतो; तो वाळलेलाच असतो.

माझा पुतण्या सॅन होझेला संगणकाच्या नोकरीत आहे. इतर मराठी मंडळी शनिवारची सकाळ किराणा आणि कपडे धुणे यांत घालवीत असता हा मात्र डोंगरातला नागमोडी महामार्ग ओलांडून सर्फिंग शिकायला येतो, आणि त्याच्या काकूच्या आग्रहावरून, म्हणजे तो बुडाला तर घरी वर्दी द्यायला कोणी असावे म्हणून, मी त्याच्याबरोबर येतो. पहिल्याच दिवशी त्याने भाबडेपणाने त्या गृहस्थाला विचारले, “आज समुद्र कसा आहे?” गृहस्थाने बराच वेळ क्षितिजाकडे पाहिले, कॉफीचा घोट घेतला, आणि एखाद्या दिवंगत आप्ताविषयी बोलावे तशा आवाजात तो म्हणाला, “तू तासाभरापूर्वी यायला हवे होतेस.” पुढच्या आठवड्यात आम्ही तासभर आधी गेलो. त्या दिवशी कालचा दिवस उत्तम होता.

कड्याखालच्या जागेला ‘स्टीमर लेन’ म्हणतात, आणि तिचे माहात्म्य खरोखरच थोर आहे. १८८५ साली हवाईच्या राजघराण्यातील तीन राजपुत्र, सॅन माटेओच्या एका शाळेत शिकत असता, या गावच्या सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी रेडवूडच्या फळ्या घेऊन लाटांवर स्वार झाले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील सर्फिंगची पहिली नोंद म्हणतात ती हीच. १९८६ पासून दीपगृहातच सर्फिंगचे संग्रहालय आहे. राजपुत्रांची ही हकीकत आमचा गृहस्थ मोठ्या अभिमानाने सांगतो. मात्र त्या दिवशी भरतीची वेळ थोडी चुकलीच असणार, अशी पुस्ती जोडल्याशिवाय त्याला राहवत नाही.

त्याच्या विद्वत्तेविषयी मात्र मला तिळमात्र शंका नाही. नाचता येईना म्हणून अंगण वाकडे म्हणणारा हा नव्हे. याला नाचता उत्तम येते, आणि तरीही अंगण वाकडे असल्याची याची खात्री असते. हिवाळ्यात अलास्काच्या बाजूला वादळ उठले की, ते तिथल्या लोकांना कळण्याच्या आधी याला कळते. दोन लाटांमधले अंतर सतरा सेकंदांचे असले, तर त्या लाटांचा जथा खोल समुद्रातून ताशी सुमारे ४७ किलोमीटर वेगाने चालत येतो. म्हणजे तीन हजार किलोमीटरवरच्या वादळाची रसद पावणेतीन दिवसांच्या आत कड्याखाली दाखल होते, आणि लांब पल्ल्याच्या लाटा वेगवान म्हणून त्या आधी, आखूड पल्ल्याच्या मागाहून, हा सारा हिशेब तो बोटांवर करतो. दुसऱ्या महायुद्धात फौजा किनाऱ्यावर केव्हा उतरवाव्यात हे ठरवण्यासाठी हाराल्ड स्व्हेरड्रुप आणि वॉल्टर मंक या शास्त्रज्ञांनी लाटांचे भाकीत वर्तवण्याची रीत बसवली. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याच्या कामी आलेले हे शास्त्र आमच्या गृहस्थाच्या हाती, स्वतः न उतरण्याच्या कामी येते.

पण त्याची खरी करामत पाहावी ती लाटेची उंची ठरवताना. इंग्रजी अमदानीत गावाच्या पिकाची आणेवारी ठरत असे, आणि आणेवारी जितकी खाली तितकी साऱ्याची सूट वर, हे जाणून पाटील-कुलकर्णी डोलणाऱ्या शेताकडे पाहत चेहरा पाडून सहा आणे पीक सांगत. हा गृहस्थ त्याच घराण्यातला. हवाईत लाटेची उंची तिच्या पाठीकडून मोजण्याची जुनी वहिवाट आहे, आणि तशी मोजली असता ती समोरून दिसणाऱ्या उंचीच्या साधारण निम्मी भरते. पुढ्यात पुरुषभर उंचीची लाट गडगडत फुटावी, समुद्रसिंहांनी खालच्या खडकावरून भुंकून कल्लोळ करावा, पर्यटकांनी हातातले कॅमेरे सावरावेत, आणि याने निर्विकार मुद्रेने फर्मान काढावे, “तीन फूट. जेमतेम.”

परंतु न्यायाने बोलायचे तर त्याचा उपयोगही आहे. पुतण्या एकदा उत्साहाच्या भरात फळी काखोटीला मारून कड्याच्या पायऱ्या उतरू लागला, तेव्हा याने वरूनच हाक मारून त्याला थांबवले. भरती पुरी चढली होती, लाटा कड्यावर आपटून माघारी फिरत होत्या, आणि येणाऱ्या लाटांशी त्यांची जी हातघाई चालली होती तीत नवशिक्याची फळी कुठे आणि डोके कुठे, याचा पत्ता लागला नसता. “तू पलीकडे कॉवेलच्या वाळूवर जा,” तो म्हणाला, “तिथल्या लाटा दयाळू आहेत.” पुतण्याचे गुडघे आज शाबूत आहेत ते त्या एका वाक्यामुळे.

मग एकदा, नोव्हेंबरात, सारे ग्रह जुळून आले. वायव्येकडून सोळा सेकंदांच्या लाटा, भरती अर्धी, आणि पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्रावर असा बेताने वाहत होता की, प्रत्येक लाट फुटण्याआधी क्षणभर थोपून उभी राहत होती. गृहस्थाने वारा पाहिला, भरतीचे कोष्टक पाहिले, पुन्हा वारा पाहिला. हरकत घेण्यासारखे काही सापडेना, तसा तो अस्वस्थ झाला. शेवटी, “गर्दी फार आहे,” म्हणाला. पण पाण्यात जेमतेम पाच-सहा डोकी होती आणि ती आम्हा दोघांनाही दिसत होती. मग पाणी गार असल्याचे निघाले. ते बारा-तेरा अंशांवर होते खरे. पण तेवढ्याचसाठी तर आरशाला तो वेटसूट टांगलेला! पुतण्या काहीच बोलला नाही; नुसता वेटसूटकडे पाहत राहिला. अखेर गृहस्थाने पेला कठड्यावर ठेवला आणि एखाद्याला जप्तीच्या कामी पंच म्हणून धरून न्यावे, तशा चेहऱ्याने तो खाली गेला.

अर्ध्या तासाने त्याला लाट मिळाली. मला त्यातले काही कळत नाही, पण वाकलेले गुडघे, सैल सोडलेले हात, आणि पाण्याच्या त्या हिरव्या भिंतीवरून कसलीही घाई न करता काढलेली ती लांब तिरकी रेघ पाहून कड्यावरचे लोक बोलायचे थांबले होते. तो वर आला तेव्हा दाढीतून पाणी निथळत होते आणि चेहरा दहा वर्षांनी लहान झाला होता.

“केवढी होती हो?” पुतण्याने विचारले.

“सहा फूट,” तो म्हणाला. “सात म्हटलीस तरी चालेल.”

“पण सकाळपासून तुम्ही तर तिथल्या लाटांना तीन फूटच म्हणत होता!”

“त्या इतरांच्या, पोरा. त्या पाठीकडून मोजायच्या,” त्याने वेटसूटची चेन ओढत सांगितले. “हिला मी पुढून पाहिली.”