आरसा तापला का?

सनरूफवाल्यांचं बरं असतं. काच सरकवली, पोराला त्यातून कमरेपर्यंत वर काढलं, की या गृहस्थांनी वरचं मॉडेल घेतलंय हे लक्ष्मी रोडवरच्या प्रत्येकाला कळतं. चौकातल्या पोलिसालाही कळतं, पण तो वेगळा विषय. माझ्या गाडीला सनरूफ नाही. माझ्या गाडीचे बाहेरचे आरसे तापतात.

हे मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहिल्यांदा जाहीर केलं, तेव्हा शेजारचे गृहस्थ कळवळून म्हणाले, "अरेरे! मग सर्व्हिस सेंटरला दाखवलंत का?"

त्यांना समजावून सांगितलं. आरशाच्या काचेमागे तारांचा एक पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. त्यातून वीज सोडली की काच कोमट होते, तिच्यावरचं दंव उडून जातं आणि मागचं स्वच्छ दिसतं. ते म्हणाले, "आणि फडकं?" मी विषय बदलला. गाडीच्या माहितीपत्रकात खालच्या सगळ्या मॉडेलांसमोर या सोयीच्या रकान्यात फुली होती आणि फक्त सर्वांत वरच्या मॉडेलसमोर बरोबरची खूण. त्या खुणेसाठी मी मोजलेली रक्कम घरात अजून कोणाला नीटशी ठाऊक नाही.

हे आरसे तापवायचे कसे, तर ड्रायव्हरच्या दारावर एक गोल खुंटी आहे. डावीकडे फिरवली की डावा आरसा हलवता येतो, उजवीकडे फिरवली की उजवा, मध्ये शून्य. आणखी पुढे फिरवली की एक इवलासा चौकोन आणि त्यातून वर जाणारे तीन नागमोडी बाण. गाडीतल्या चिन्हांचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयएसओ २५७५, त्यामुळे मागच्या काचेच्या बटणावरही हेच बाण असतात. काही कंपन्या तर आरशांना वेगळं बटण देतच नाहीत. मागची काच तापवली की आरसेही तापतात, आणि दहा-पंधरा मिनिटांनी सगळं आपोआप बंद होतं. बटण वाचवायचा हा कंजूषपणा आहे, पण त्या बटणावर निदान एक बारकासा दिवा तरी लागतो. आपलं म्हणणं पोचलं, एवढं कळतं.

माझ्या खुंटीला दिवा नाही. समोरच्या पडद्यावर अक्षर उमटत नाही, कुठे टिक वाजत नाही. खुंटी फिरवायची आणि श्रद्धा ठेवायची. खात्री हवी असेल तर गाडी कडेला घ्यायची, खाली उतरायचं आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा आरशाला उलटा हात लावायचा. हा प्रकार मी बावधनच्या रस्त्यावर केला, तेव्हा शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्याने वेग कमी करून विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?"

शेवटी माहितीपुस्तिका वाचली. तिच्या पोटात बारीक अक्षरात लिहिलं होतं की इंजिन चालू असेल आणि बाहेरचं तापमान २० अंशांच्या खाली असेल, तरच आरसे तापतील. आता पुण्यात जुलैच्या मध्यरात्रीही पारा सहसा २० च्या खाली जात नाही. म्हणजे ज्या दिवसांत आरसा सकाळ-संध्याकाळ पाण्याने निथळत असतो, नेमकी त्याच दिवसांत खुंटी रजेवर. आपल्या चाकणला गाड्या खुशाल जुळवतात, पण या खुंटीला आपला पावसाळा कोणी दाखवलेला दिसत नाही.

राहता राहिला हिवाळा. पुण्याच्या थंडीत मी पूर्वी कधी लक्ष घातलं नव्हतं. आता मात्र सकाळी पेपर उघडला की आधी किमान तापमान. थंडीवर पुण्याचा हक्क जुना आहे. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं आणि शिवाजीनगरच्या त्या कचेरीला लोक आजही शिमला ऑफिस म्हणतात. नुसती कचेरी आली असेल आणि थंडी तिकडेच ठेवली असेल, हे पटत नाही. जानेवारी १९३५ मध्ये पुण्याचा पारा १.७ अंशांवर उतरला होता. हा आकडा मी पाहुण्यांना अशा थाटात सांगतो, की माझ्या आजोबांनीच तो खाली उतरवला होता. शहरातल्या शहरातही माझे पक्ष ठरलेत. पाषाण शिवाजीनगरपेक्षा गार असलं की मला उगीचच आनंद होतो आणि लोहगावकरांची कीव येते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी येते, सोबत गाडीच्या टपावरचा बर्फाचा पापुद्रा दाखवणाऱ्या पर्यटकाचा फोटो असतो. माझी नजर आधी त्या गाडीच्या आरशांकडे जाते. साधे असतात. देव दात देतो तिथे चणे देत नाही.

पण हे सगळं निफाडपुढे फिकं. आणि निफाडला माझा मेहुणा राहतो. हिवाळ्यात त्याचा फोन आला की मी घाईघाईने सांगतो, "आज नऊ अंश!" तो शांतपणे म्हणतो, "आमच्याकडं पाच, दाजी." वर पुरावा म्हणून कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचं नाव. तिथल्या नोंदीपुढे शिमला ऑफिसचंही काही चालत नाही. एकदा न राहवून मी म्हणालो, "मजा आहे बुवा तुमची. असली थंडी आम्हाला मिळाली असती तर!" पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "पहाटं तीनपासून बागेत शेकोट्या लावतोय, दाजी." त्या थंडीत द्राक्षाचे मणी फुगायचे थांबतात, तयार झालेल्या मण्यांना तडे जातात. बोअरचं पाणी जरा कोमट असतं, म्हणून पहाटे तेही सोडायचं. मग उजाडेपर्यंत घडाघडाला बॅटरी लावून बघत फिरायचं. पेपरात जो आकडा यावा म्हणून मी फाटकाशी घुटमळत असतो, त्यात त्याचं वर्ष जाऊ शकतं. तेव्हापासून मी त्याला तापमान विचारत नाही, बाग कशी आहे ते विचारतो.

असो. खुंटीचं राहिलंच.

आमच्या पहिल्या गाडीला डावा आरसा नव्हताच. तेव्हाच्या बऱ्याच गाड्यांना नसायचा. डावा आरसा म्हणजे आमची ही. "येऊ द्या, येऊ द्या, आहे जागा... थांबा!" हे उलट्या गिअरचं काम झालं. चालत्या गाडीत "डावीकडून टेम्पो येतोय, आणि त्याला ब्रेक नाहीत असं वाटतंय," इतकी तपशीलवार माहिती यायची. पुढच्या गाडीला डावा आरसा आला, पण एक्सप्रेसवेच्या आधीच्या जुन्या बोरघाटात, भर पावसात त्यातून काय दिसणार? ही काच खाली करायची, हात बाहेर काढायची, पदराने आरसा पुसायची आणि विचारायची, "आता दिसतंय का?" कोपरापर्यंत भिजलेली असायची. मी नुसता "हं" म्हणायचो.

परवा खंडाळ्याच्या धुक्यात तिने सवयीने काच खाली केली. मी घाईने म्हणालो, "अगं, हात आत घे. आरसा तापतोय."

"कधीपासून?"

"झाली असतील दोन-तीन मिनिटं. बहुतेक."

"तुम्हाला दिसतंय का त्यातून?"

"नाही."

"पुसू?"

"पूस."

एवढी रक्कम मोजून घेतलेल्या खुंटीने मला असलं काही कधी विचारलेलं नाही. माझा राग थंडीवर नाही आणि वीस अंशांच्या अटीवरही फारसा नाही. आपण सांगितलेलं पोचलं की नाही, हे कळवायची साधी रीत यंत्राला नसावी, याचा आहे. आता तर बटणंच काढून सगळं पडद्यात ढकलायची फॅशन आली आहे. आरसा तापवायचा तर रस्त्यावरची नजर काढून तीन पानं उलटायची. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने यावर उपाय म्हणून २०२६ पासून पूर्ण गुणांसाठी इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आणीबाणीचा कॉल यांना हाताला लागणारी खरी बटणं हवीत, असा नियम केला. त्या यादीत तापत्या आरशाचं नाव नाही. तिकडेही त्याला कोणी विचारत नाही, हे वाचून बरं वाटलं.

तरी एक विनंती करतो. चाकणच्या कारखान्यात, हिंजवडीच्या एखाद्या कचेरीत किंवा १९६६ पासून गाड्यांची परीक्षा घेणाऱ्या आपल्या टेकडीवरच्या एआरएआयमध्ये कोणी ही बटणं आखत किंवा तपासत असेल, तर त्याने त्या खुंटीला एक छोटासा दिवा द्यावा. हिरवा, पिवळा, कोणताही चालेल. आणि तो बाहेरून, शेजारच्या पार्किंगमधूनही स्पष्ट दिसेल असा बसवता आला, तर वरची रक्कम मी पुन्हा मोजायला तयार आहे.