मा. ३० साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. ३० साहेब (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर),
मुक्काम : रक्ततपासणीच्या अहवालातला उजवीकडचा रकाना

विषय : ‘ड’ जीवनसत्त्वाच्या चाचणीतून आपण सन्मानाने निवृत्त होण्याबाबत.

महोदय,

सा. न. वि. वि.

आपल्या कृपेने आमच्या सोसायटीत हवापाण्याच्या गप्पा बंद झाल्या आहेत. सकाळी बागेत लोक एकमेकांना थेट “तुमचं किती?” असं विचारतात. “अकरा” म्हणणाऱ्याला बाकावर सरकून जागा देतात आणि “चौतीस” म्हणणाऱ्याकडे संशयाने बघतात.

आमचं २२ आलं. भरघोस सवलतीच्या पॅकेजात आपली चाचणीही होती. मोबाइलवर पीडीएफ आली. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन निमूटपणे साध्या अक्षरांत बसले होते. ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’च्या ओळीत मात्र आकडा ठळक, शेजारी लाल ‘एल’ आणि खाली रंगीत पट्टीवर पिवळ्यात अडकलेला आमचा बाण. तोवर आम्हाला काहीही होत नव्हतं. पट्टी पाहिली आणि गुडघा दुखायला लागला.

साहेब, बोर्डात ३५ ला पास होणारी आमची पिढी. आपण पाच मार्क कमीच मागता, हा आपला मोठेपणा. पण पेपर कोणी काढला याची चौकशी केली, तेव्हा खरी मौज कळली. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २०११ च्या अहवालानुसार हाडांसाठी २० ची पातळी जवळजवळ सगळ्यांना पुरते. त्याच वर्षी तिथल्याच एंडोक्राइन सोसायटीने ३० चा आग्रह धरला. म्हणजे त्याच रक्तावर आम्ही एका समितीकडे पास, दुसरीकडे नापास! आमच्या अहवालावर नेमणूक अर्थात आपली झाली. २० ला बसवलं असतं, तर एवढे लाल ‘एल’ वाटायचे कुणाला?

ब्रिटनमध्ये नॅनोमोल प्रति लिटरचा हिशेब चालतो, तिथे आपण ७५ होऊन बसता. लंडनच्या भाच्याचं ५० ऐकून आमचे शेजारी हळहळले, कारण त्यांचं २० होतं. अडीचने भागल्यावर मामा-भाचे एकाच पायरीवर! त्यातून ऋतू बदलला, प्रयोगशाळा बदलली किंवा मोजण्याची पद्धत बदलली, की आकडाही हलतो.

आता जरा नाजूक विषय. आपल्याला मोठं करणाऱ्या एंडोक्राइन सोसायटीनेच जून २०२४ मध्ये आपला पाठिंबा काढून घेतला. वर निरोगी माणसांची ही चाचणी सरसकट करू नका, असंही सांगितलं. ऑस्ट्रेलियाने २०१४ मध्येच ठोस कारणाशिवाय या चाचणीला सरकारी पैसा देणं थांबवलं होतं. अमेरिकेत २५,८७१ जणांवर सुमारे पाच वर्षं प्रयोग झाला. पातळी न बघता निवडलेल्या या लोकांपैकी निम्म्यांना रोज २,००० युनिट ‘ड’ दिलं. ना कर्करोग घटला, ना हृदयविकार, ना हाडं मोडण्याचं प्रमाण.

तरी आपण रकान्यात ठाण मांडून आहात. पॅकेज, ६०,००० युनिटची पुडी, तीन महिन्यांनी ‘रिपीट’, असं चक्र सुरळीत चालू आहे. आठवड्याला एक घ्यायची ती पुडी कुणी रोज दुधातून घेत राहिलं, तर रक्तातलं कॅल्शियम चढून मूत्रपिंडावर बेतू शकतं. तेव्हा तुम्ही कुठे असता?

आमचं भांडण चाचणीशी नाही. मुडदूस झालेलं मूल, हाडं ठिसूळ झालेल्या आजी, मूत्रपिंडाचा किंवा आतड्याचा जुना विकार, फेफऱ्याची वर्षानुवर्षं चाललेली औषधं, अशा ठिकाणी ती हवीच. तिथे डॉक्टर आकड्यासोबत माणूसही बघतात. धडधाकट माणसाच्या पॅकेजातून मात्र आपण सामान उचलावं, ही विनंती.

कळावे, लोभ असावा ही विनंती नाही.

आपला,
आठ मार्कांनी नापास झालेला एक नागरिक

ता. क. : वाचकहो, पुढच्या वेळी ही चाचणी कुणी सुचवली, तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा : “आकडा काहीही आला, तरी माझ्या उपचारात काय बदलणार आहे?” उत्तर “काही नाही” असेल, तर ते पैसे खिशातच राहू द्या.