काशीकर काकूंचा मसाला

काशीत पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्मघाट या पट्ट्यातल्या गल्ल्यांत शिरलं की मधूनच एखाद्या दारावर मराठी आडनाव दिसतं आणि त्या दाराआड हमखास एक काकू असतात. जन्म काशीतला, सासर दोन गल्ल्या सोडून, पुण्याला जाणं झालं ते कुणाच्या तरी मुंजीपुरतं. तरी पुण्याबद्दलचं मत पक्कं. "तिकडे आता मराठी राहिलंय कुठे?" हे मत पुण्याहून आलेल्या गोड्या मसाल्याच्या एका पाकिटावरून बनलेलं आहे. काकूंनी पाकीट फोडलं, नाकाजवळ नेलं, "भुसा," म्हणाल्या आणि कामवालीला देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी कामवालीनं ते परत आणलं.

अशा काकू एकच नाहीत. जवळजवळ प्रत्येक जुन्या वाड्यात एक आहे, आणि प्रत्येकीच्या मते बाकीच्या सगळ्या खोबरं जास्त घालतात.

काकूंशी मसाल्याबद्दल बोलायचं तर आधी इतिहास ऐकावा लागतो. 1674 साली गागाभट्ट राज्याभिषेकासाठी इथूनच रायगडावर गेले. "एवढ्या लांबच्या वाटेत आमटीला मसाला कुठून आणला असेल?" इतिहासकारांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवलेली असली तरी काकूंकडे उत्तर तयार आहे. अन्नपूर्णेचं देऊळ पहिल्या बाजीरावानं बांधवलं, विश्वनाथाचं 1780 साली अहिल्याबाईंनी. अन्नपूर्णा आमची, म्हणून अन्न आमचं, म्हणून मसाला आमचाच. काशीतल्या पंडितसभांत याहून कच्ची प्रमेयं जिंकून गेली असतील.

होळी उलटली, ऊन तापलं, की काकू गोला दीनानाथच्या मसाला बाजारात उतरतात. तिथला दुकानदार त्यांना लांबून येताना पाहतो आणि गल्ल्यावर पोराला बसवून आत जाऊ बघतो. पण सुटका नसते. काकू धना दाताखाली फोडतात, लवंगेला नखानं दाबून तेल सुटतंय का बघतात, नागकेशर तळहातावर घेऊन काड्या वेगळ्या काढून त्याच्यासमोर ठेवतात. दगडफूल चिमटीत चुरगळायचं, हिंग हाथरसचाच. "माताजी, एकदम नया माल है." "पिछले साल भी यही बोले थे." एवढं झाल्यावर चार पुड्यांची खरेदी होते आणि कढीपत्ता फुकट मागितला जातो.

मग गच्ची. काशीच्या उन्हात काहीही कडकडीत वाळतं. अडचण दोघांची, लूची आणि माकडांची. लू तमालपत्रं उचलून शेजाऱ्याच्या गच्चीत टाकते आणि ती परत मागायला काकू स्वतः जातात, मोजून. माकडांना लवंगा-वेलदोड्यांशी कर्तव्य नसतं, त्यांना खोबरं हवं असतं. म्हणून काकांना राखणीला बसवलेलं असतं, एका हातात काठी, दुसऱ्यात 'आज'चा अंक. हे हिंदी वर्तमानपत्र बाबूराव पराडकर या मराठी माणसानं वर्षानुवर्षं संपादित केलं, हे काका कुणालाही ऐकवतात. माकडांनाही ऐकवलेलं आहे. तेवढ्या वेळात खोबऱ्याची एक वाटी गेली.

खरी लढाई मात्र स्वयंपाकघरात. सून साताऱ्याची, शिकलेली, आणि तिच्याकडे डिजिटल वजनकाटा आहे. धने किलोभर, सुकं खोबरं आणि तीळ पाव-पाव किलो, जिरं त्याच्या निम्मं, इथपर्यंत काकू सरळ सांगतात. पुढे वजन थांबतं आणि मूठ सुरू होते. लवंग, दालचिनी, मिरी, बाद्यान, शहाजिरं, जायपत्री... सगळं "अंदाजानं". एकदा सुनेनं काकूंची भरलेली मूठ काट्यावर उघडायला सांगितली. काकूंनी ती डब्यात रिकामी केली आणि हात धुऊन आल्या.

तरी एक कबूल करायला हवं. काकूंना काम येतं. तेलाचे दोन थेंब टाकून एकेक जिन्नस वेगळा परतायचा, कारण दगडफूल तेलात पडल्याशिवाय बोलत नाही आणि त्याच आचेवर जिरं करपून जातं. तीळ कोरडे. खोबरं शेवटी, मंद आचेवर, बदामी होईपर्यंत. "नीट भुनून घे, घाई नको," हे त्या सुनेला म्हणतात, भाजून घे असं नाही. सगळं पार निवल्याशिवाय दळायचं नाही, आणि मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. भांडं तापलं की वास मिक्सरमध्येच राहतो, आमटीपर्यंत पोचत नाही.

मिक्सर घरात आला त्यालाही कारण झालं. पूर्वी हा मसाला गल्लीतल्या चक्कीवर जायचा. त्याच चक्कीवर उन्हाळ्यात सगळ्या मोहल्ल्याचा सत्तू दळला जातो. काकूंचा डबा गेला त्या आठवड्यात अख्ख्या गल्लीच्या सत्तूच्या सरबताला चिंचगुळाच्या आमटीचा वास येत होता. चक्कीवाल्यानं हात जोडले. काकूंच्या मते लोकांना सवय होत आली होती, त्यानं उगाच घाई केली.

आता एक गोष्ट हळूच सांगतो. या अस्सल, पेशवाईपासून न बदललेल्या मसाल्यात बडीशेप आहे. थोडी, पण आहे. महाराष्ट्रातल्या गोड्या मसाल्यात ती सहसा नसते. इथल्या लोणच्यांत आणि भाज्यांत असते, आणि एवढ्या पिढ्यांत कधीतरी ती बनारसी शेजारणीच्या हातून या डब्यात शिरली. काकूंना विचारलं तर त्या पदर खोचून दुसरा विषय काढतात.

पुण्याचे पाहुणे आले की डबा बाहेर येतो. काशीयात्रेत आवडीचं फळ किंवा भाजी सोडण्याची चाल आहे आणि पाहुण्यांपैकी कुणीतरी नेमकं वांगं सोडून आलेलं असतं. काकूंच्या कपाळाला आठी. "वांगंच सापडलं? कारलं सोडायचंत." मग त्या परवळ चिरतात, शेंगदाणे, गूळ आणि मसाला भरून भरल्या वांग्यासारखंच शिजवतात आणि पानात वाढतात. पाहुणे चाटूनपुसून खातात आणि म्हणतात, "काय अस्सल मराठी चव!" काकू सुनेकडे बघतात. सून ताटातल्या परवळाकडे.

निघताना प्रत्येकाला एकेक पुडी मिळते, वर्तमानपत्रात बांधलेली. गेल्या खेपेच्या पाहुणीनं पुण्यात पोचल्यावर फोन केला. मसाला फारच सुरेख, फक्त एक विचारायचं होतं, यात बडीशेप आहे का?

"आवाज येत नाहीये हं," काकू म्हणाल्या, फोन ठेवला आणि तिला व्हॉट्सॲपवर ढुंढिराज गणपतीचा फोटो पाठवला.