नळ चालू ठेवा

निफाडचा पारा घसरला की मराठी वर्तमानपत्रांत शेकोटीचा फोटो हमखास येतो. कानटोपी घातलेले दोन आजोबा, मध्ये पेटलेली लाकडं, मागे धुकं. पाच अंश, कधी त्याहूनही खाली. द्राक्षबागायतदारांचा जीव त्या आकड्यात अडकलेला असतो, तेव्हा त्याला हसायचं कारण नाही. आमच्या सासूबाई वाईच्या. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की ती बातमी त्यांना घरचीच वाटते. "थंडी आम्हाला नवी नाही," हे त्यांनी विमानात बसायच्या आधीच फोनवर सांगून टाकलं होतं. मिनेसोटाला येताना त्यांनी दोन स्वेटर, एक शाल आणि भरपूर आत्मविश्वास आणला होता.

एरवी आईवडील इकडे उन्हाळ्यात येतात, फुलझाडं बघतात, नायगारा बघतात आणि पानगळीआधी परततात. सासूबाई 2018च्या दिवाळीला आल्या आणि सहा महिने राहिल्या. म्हणजे 30 जानेवारी 2019ला त्या आमच्याबरोबर मिनियापोलिसमध्येच होत्या. त्या सकाळी पारा उणे 28 फॅरेनहाइट होता. सेल्सिअसमध्ये उणे 33. टपाल खात्याने त्या दिवशी राज्यातलं टपालवाटप बंद ठेवलं होतं, शाळांना सुट्टी होती आणि उघडी कातडी काही मिनिटांत गोठू शकते, असं टीव्हीवरची बाई हसतमुखाने सांगत होती. आमच्या घरात तापमान दोन भाषांत चालतं. नवरा आणि मुलगा फॅरेनहाइटवाले, सासूबाई सेल्सिअसवाल्या, मी दुभाषी. ही दोन्ही मापं उणे 40ला एक होतात. आमच्या घरात एकमत व्हायला किती थंडी पडावी लागेल, याचा तो नेमका हिशेब आहे.

उणे 33ला अंगावर किती कपडे घालायचे हे कोणीही सांगतं. पण जन्मभराच्या चांगल्या सवयी अशा वेळी उलट्या कराव्या लागतात, ते कोणी सांगत नाही. नळाचंच घ्या. कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या भिंतीलगतच्या पाइपातलं पाणी गोठतं, गोठताना फुगतं आणि पाइप फोडतं. म्हणून रात्री सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवायची, म्हणजे घरातली ऊब पाइपापर्यंत पोचते, आणि नळाला बारीक धार सोडून ठेवायची. वाहतं पाणी सहजी गोठत नाही. हे मी सासूबाईंना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. रात्री दोनला स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून गेले तर त्या नळ बंद करून, वर हाताने दाबून बघत होत्या.

"आई, तो चालू ठेवायचाय."

"अगं, रात्रभर पाणी वाहतंय. झोप कशी लागायची?"

आयुष्यभर नळाला पाणी यायच्या वेळेवर घड्याळ लावलेल्या बाईला मी वाहता नळ बघत झोपायला सांगत होते. शेवटी तह झाला. नळ चालू राहील, पण धारेखाली भांडं राहील. सकाळी उठले तर ओट्यावर पातेली, कुकर, डबे, परात, चहाचं आधण ठेवायचं भांडंसुद्धा पाण्याने काठोकाठ भरलेलं. त्या रात्रभर उठून भांडी बदलत होत्या. पाइप फुटला नाही आणि पाण्याचा थेंबही वाया गेला नाही. दोन्ही बाजूंनी विजय जाहीर केला.

मिठाचं प्रकरण याहून अवघड. मीठ सांडलं तर देवाघरी पापण्यांनी वेचावं लागतं, असं ऐकत आपण वाढलो. इथे सरकारच ट्रकने मीठ सांडत फिरतं. आमच्या दाराशीही एक बादली असते, पायऱ्यांवर मूठमूठ फेकायला. पारा उणे नऊ-दहा सेल्सिअसच्या खाली गेला की साधं मीठ बर्फ वितळवायचं काम जवळजवळ सोडूनच देतं, मग वेगळे क्षार वापरावे लागतात. हे नवऱ्याने आईला सांगितलं आणि पस्तावला. "म्हणजे उपयोग नाही तरी सांडता?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. एवढ्या मोठ्या राज्याला पापण्या पुरायच्या कशा, हा त्यांचा पुढचा प्रश्न.

बर्फ उपसणं हे नवऱ्याचं खातं. शहराचा नियम असा, की बर्फ थांबल्यापासून 24 तासांच्या आत आपापल्या घरासमोरचा पदपथ मोकळा करायचा. तो फावडं घेऊन बाहेर पडतो. आधी उत्साहाने, मग हळू, मग फावड्याला टेकून उभा. पाठीत उसण भरली की मला हाक. सगळं लख्ख करून तो आत येतो, बूट काढतो, आलं घातलेल्या चहाचा पहिला घोट घेतो आणि तेवढ्यात रस्त्यावरून बर्फ ढकलणारा प्लाउ घरघरत येतो. रस्त्यावरचा सगळा बर्फ आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी नीट रचून पुढे निघून जातो. हा नुसता भुसभुशीत बर्फ नव्हे. मिठाने अर्धवट विरघळून पुन्हा थिजलेला, काळपट, ढेकळांचा बांध असतो तो.

इथल्या लोकांना मात्र या यंत्राचं प्रेम इतकं, की राज्याचं परिवहन खातं जनतेकडून नावं मागवून प्लाउंचं बारसं करतं. 2021 साली 'प्लाउई मॅकप्लाउफेस' हे नाव पहिलं आलं. ती बातमी मी फोनवर सासूबाईंना सांगितली. त्यांनीही लगेच एक नाव सुचवलं. ते त्यांनी मुळात 2019च्या जानेवारीतच, खिडकीत उभं राहून, लेकाच्या नुकत्याच मोकळ्या केलेल्या वाटेकडे बघत ठेवलं होतं. "आला मेला."

घरात खरी लढाई थर्मोस्टॅटवर असते. नवऱ्याला 66 हवं, मला 70. सासूबाईंना आकडा नको, "जरा वाढव" एवढंच हवं. मुलगा सोळाचा. तो घरात आणि बाहेर हाफ पँटमध्येच असतो, त्यामुळे त्याला मत विचारायची पद्धत नाही. इथल्या शाळांतून अशी मुलं सर्रास दिसतात. गुडघाभर बर्फात उघड्या पोटऱ्या टाकून बससाठी उभी असतात आणि आया दारातून ओरडत असतात. आई मिनेसोटाची असो की मिरजेची, त्या ओरडण्याचा सूर एकच. तर त्या 30 जानेवारीला गॅसची मागणी इतकी वाढली, की कंपनीने ग्राहकांना विनंती केली, थर्मोस्टॅट 63वर आणा. म्हणजे 17 सेल्सिअसच्या आसपास. इतक्या वर्षांच्या संसारात जे नवऱ्याला जमलं नव्हतं, ते त्याला एका निरोपात मिळालं. त्याने इतक्या गंभीर चेहऱ्याने तो आकडा खाली आणला, की जणू राष्ट्रगीत चालू होतं. सासूबाईंनी गोधडी अंगावर ओढून जाहीर केलं, "कंपनीच्या साहेबाला म्हणावं, तू ये इथे राहायला."

त्या दिवशी कोंडलेली आम्ही चार माणसं एकाच खोलीत होतो, कारण तीच काय ती उबदार. थंडी खोलीत शिरत नव्हती, पण एकमेकांच्या सवयी दिसायला जागाच जागा होती. घर तापवणारी भट्टी सतत चालू असल्याने हवा इतकी कोरडी, की दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी. सासूबाईंनी न विचारता उपाय केला. धुतलेले कपडे दिवाणखान्यात दोरीवर टाकले आणि शेगडीवर पाण्याचं भांडं ठेवलं. विकतचं ह्युमिडिफायर करतं ते काम चार टॉवेल आणि एका पातेल्याने झालं. दही मात्र अडलं. विरजण लावून दोन रात्री झाल्या तरी दूधच. तिसऱ्या खेपेला मी पातेलं ओव्हनमध्ये ठेवलं, ओव्हन बंद, आतला दिवा तेवढा चालू. सकाळी कवडीसारखं दही. सासूबाईंनी ते चमच्याने कापून बघितलं, उलटं धरून बघितलं आणि म्हणाल्या, "बल्बने लागलंय, पण लागलंय." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक मला त्या घरात आजवर मिळालेलं नाही.

आणि एवढ्या थंडीतही इथल्या लोकांची हौस बघा. जानेवारीत लेक हॅरिएटच्या गोठलेल्या पाण्यावर पतंगांचा उत्सव भरतो. संक्रांतीच्या आसपास पतंग, त्यामुळे सासूबाई हट्टाने आल्या. थर्मल, त्यावर नऊवारी, त्यावर नवऱ्याचा जुना पार्का. बर्फ चार इंच जाड झाला की माणसाने त्यावर चालायला हरकत नाही, आणखी जाड झाला की लोक तळ्यावर गाड्याही नेतात, हे ऐकून त्या काठावरच थांबल्या. "भिंत चालवलेली ऐकली होती," एवढंच म्हणाल्या. मग नातवाचा हात धरून पाच-सहा पावलं आत गेल्या, बुटाने बर्फावर दोनदा ठोकून बघितलं आणि तिथेच उभ्या राहून तिळगूळ वाटला. हाफ पँट घातलेल्या एका अनोळखी मुलालाही मिळाला, वर पायांवरून शेरा.

हळदीकुंकू आम्ही इथे रथसप्तमीच्या पुढेही ओढतो. पैठणीखाली स्नो बूट असतात, ते दाराशी काढल्यावर त्या ढिगातून आपली जोडी शोधायला अर्धा तास लागतो. एका वर्षी वाण म्हणून ओठांना लावायचं मलम दिलं. त्याच्याइतकं मनापासून वापरलं गेलेलं वाण मी पाहिलेलं नाही. होळी जळाली, थंडी पळाली हे आपण म्हणतो, पण ती पळते कुठे ते मी सांगते. 2018 साली एप्रिलच्या मध्यावर इथे 15 इंचांहून जास्त बर्फ पडला. तीनच दिवसांनी अक्षय्य तृतीया होती. कॅनमधला आमरस आम्ही खिडकीतून तो पांढरा चिखल बघत खाल्ला.

पुण्या-मुंबईचे नातेवाईक दर वर्षी विचारतात, बर्फ बघायला कधी येऊ? तो फोटोत जास्त छान दिसतो, घरबसल्या बघा. माणसांना भेटायचं असेल तर जूनमध्ये या. तेव्हा तळी मोकळी असतात, थर्मोस्टॅटवरून कोणी भांडत नाही आणि नळ रात्री बंद करता येतो. दहा हजार तळ्यांचं राज्य असल्यामुळे डास मात्र भरपूर, तेव्हा ओडोमॉसच्या दोन ट्यूब आणा. एक आमच्यासाठी.