नळी झिजेपर्यंत

माझ्या मेहुण्याला काडतूस लागलं. घाबरू नका, अंगाला नाही. व्यसन लागतं तसं.

तो डॅलसला, मी ऑस्टिनच्या बाहेर, आणि आम्हा दोघांना जो छंद जडला आहे तो महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सांगायची सोय नाही. "शिकार करता?" असं विचारणाऱ्याला नाही म्हटलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. मग तो विचारतो, "मग करता काय?" याचं खरं उत्तर असं: हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, साखळीने टांगलेल्या लोखंडी पत्र्यावर गोळी मारायची आणि 'टण्' वाजतं का ते ऐकायचं. गोळीला पोचायला दीड-पावणेदोन सेकंद, आवाजाला परत यायला अडीच-पावणेतीन. तेवढा वेळ माणूस कान देऊन पडलेला. पोटावर. टेक्सासच्या उन्हात. "आणि नाही वाजलं तर?" "तर पुन्हा मारायची." इथे विचारणारा प्रसादाच्या रांगेकडे वळतो.

माझ्याकडे .३०८ विंचेस्टर आहे. काडतूस १९५२ सालचं. त्याचं लष्करी भावंड दोन वर्षांनी नाटोने घेतलं. ज्या गावात कोथिंबिरीची काडी मिळणार नाही त्या गावातही .३०८ मिळतं. मेहुण्याच्या मते हा त्याचा एकमेव गुण. दोष मात्र त्याला तोंडपाठ आहेत. १७५ ग्रेनची गोळी, रायफलीचा नेम शंभर यार्डांवर बसवलेला, तर हजारावर जाईपर्यंत ती जवळपास ३६ फूट खाली येते. (माझा आणि हजार यार्डांचा छत्तीसचा आकडा आहे तो असा, फूटपट्टीने मोजून.) ताशी दहा मैलांचा आडवा वारा असला तर आठ-नऊ फूट बाजूला सरकते. शिवाय तिथवर जाताना तिचा वेग उतरत उतरत आवाजाच्या वेगाशी येतो आणि त्या उंबरठ्यावर ती डगमगू शकते.

याउलट ६.५ क्रीडमूर. गोळी १४० ग्रेनची, पण बारीक आणि लांबट, त्यामुळे हवा तिला कमी अडवते. घसरण २७-२८ फूट, वाऱ्याने सरकणं सहा-साडेसहा फूट, खांद्याला धक्काही कमी. नेब्रास्कातल्या हॉर्नाडी कंपनीने हे २००७ साली बाजारात आणलं, आणि मेहुणा तेव्हापासून सांगतोय, "दाजी, घ्या."

मी म्हटलं, जरा बघू.

माझं हे 'जरा बघू' उगाच नव्हतं. त्याच कंपनीचं .३० टीसी नावाचं एक काडतूस त्याच वर्षी आलं होतं. त्याच्याच पितळी केसवरून क्रीडमूर घडवलं. आज मुलाचं नाव साऱ्या अमेरिकेत आहे आणि बापाला दुकानात कोणी ओळखत नाही. मग घेतलेल्याचं बापासारखं होणार की मुलासारखं, हे आधी कोण सांगणार? आणि त्यात नवीन तरी काय होतं? रेमिंग्टनने १९९७ मध्ये .३०८ चंच तोंड आवळून ६.५ मिलिमीटरचं .२६० काढलं होतं. स्वीडन-नॉर्वेचं ६.५ तर १८९० च्या दशकातलं. माझ्या मते क्रीडमूरची खरी करामत गोळीत नाहीच. केस जराशी आखूड ठेवली, त्यामुळे लांब गोळी मॅगझिनमध्ये नीट मावते. आणि कारखान्यातून आलेलं तयार काडतूसच इतकं चांगलं की घरी बसून दारू मोजायची गरज उरत नाही. म्हणजे शोध कमी आणि सोय जास्त. सोयीला मी कमी लेखत नाही. प्रेशर कुकरही सोयच आहे.

नावाची गोष्ट मात्र अशी की काडतूस घेऊ नये, पण गोष्ट जरूर घ्यावी. क्रीडमूर हे न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १८७३ साली उघडलेलं नेमबाजीचं मैदान. पुढच्याच वर्षी तिथे आयर्लंड आणि अमेरिका यांची ८००, ९०० आणि १००० यार्डांवर लढत झाली. आयरिश लोकांकडे तोंडाकडून ठासायच्या जुन्या वळणाच्या रायफली, अमेरिकनांकडे मागून भरायच्या नव्या. नवं घ्यावं की नाही हा वाद तेव्हाही होताच. निकाल: अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. मेहुणा म्हणतो, "बघा, नवं जिंकलं." पण एका आयरिश गड्याने भर सामन्यात अगदी मधोमध अचूक गोळी मारली होती, फक्त ती शेजारच्या निशाणावर. त्याला शून्य मिळालं. मधोमध लागलं की तेव्हा चार गुण. बेरीज तुम्हीच करा. मी मेहुण्याला सांगतो, इथे काडतूस हरलं नाही, पत्ता चुकला.

पुढे त्या जागी मनोरुग्णालय झालं, ते क्वीन्समध्ये त्याच नावाने आजही आहे. हे मी मंडळातल्या एका पुणेकर काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे येरवडाच की!" आणि माझ्याकडे पहिल्यांदाच सगळा उलगडा झाल्यासारखं पाहिलं.

अमेरिकन लोक आपल्या परीने थट्टा करतात. क्रीडमूरवाले म्हणजे डोक्यावर अंबाडा बांधणारे फॅशनेबल पुरुष, असा इथला ठरलेला विनोद आहे. मेहुण्याला टक्कल असल्याने तो त्याला लागू पडत नाही.

असा सर्व बाजूंनी विचार चालू असताना २०१८ साल उजाडलं आणि ६.५ पीआरसी नावाचं आणखी नवं काडतूस आलं. मग २०२२ मध्ये ७ एमएम पीआरसी. एके दिवशी मी फोन करून म्हटलं, "क्रीडमूर घ्यावं म्हणतोय." पलीकडे शांतता. मग अगदी हळुवार आवाजात, घरात कोणी आजारी असल्यासारखं, "दाजी, क्रीडमूर आता म्हातारे वापरतात." म्हणजे माझा निर्णय होण्याआधीच काडतूस माझ्या वयाचं होऊन बसलं होतं.

७ एमएम पीआरसीची महती पटवायला तो एक कागद घेऊन आला. कागदावर तीन भोकं, एकमेकांना चिकटलेली. माझी बायको औषधांच्या चाचण्यांचं संख्याशास्त्र करते. तिने चष्मा लावून पाहिलं. "तीनच?"

"अक्का, पण जवळ बघ ना किती!"

"आमच्याकडे तीन उंदरांवर औषध पास करत नाहीत."

आईचा आक्षेप त्याहून मूलभूत होता. पॅरिसच्या ऑलिम्पिकमधून २०२४ मध्ये नेमबाज स्वप्नील कुसळेने कांस्यपदक आणलं आणि कांबळवाडीपासून कोल्हापूरपर्यंत ढोल वाजले. त्या रात्री तिचा फोन. "त्याने पन्नास मीटरवर मारून पदक आणलं. तू हजारावर जाऊन काय आणलंस?" मला त्या खेळाचा हेवा वाटतो तो पदकासाठी नव्हे. तिथे ५.६ मिलिमीटरचा नियम, काडतूस .२२ लाँग रायफल, जन्म १८८७. काडतूस कोणतं घ्यावं हा प्रश्नच शिल्लक नाही. तिथल्या मेहुण्यांची काय अवस्था होत असेल!

शेवटी मी एक तोडगा काढला. ७ एमएम पीआरसीचं बूड जाड, त्याला बोल्टही वेगळा लागतो, धक्काही जास्त, ते बाद. क्रीडमूरचं बूड मात्र .३०८ एवढंच. तोच बोल्ट चालतो, नळी तेवढी बदलायची. मग असलेली नळी झिजली की बदलू. उधळपट्टी नाही आणि मेहुण्याचा मानही राहतो. अडचण एकच, .३०८ ची नळी पाच हजार गोळ्या सहज काढते. माझ्या गतीने ती माझ्या नातवाला मिळाली असती.

"मग जास्त मारा ना," मेहुणा म्हणाला.

म्हणून मी जास्त मारू लागलो, निव्वळ नळी झिजावी या हेतूने. आता एवढा वेळ पोटावर पडून राहायचं तर माणूस गवत बघतो, दुर्बिणीतून उन्हाच्या झळा कुठल्या बाजूला वाहतात ते बघतो, वहीत वारा टिपतो. आणि झालं काय, तर पत्रा वाजायला लागला. आधी अधूनमधून, मग बऱ्यापैकी. नवीन काडतूस घ्यायला माझ्याकडे जे एकमेव सबळ कारण होतं, मला लागत नाही हे, तेच हातचं जायला लागलं.

मागच्या खेपेला मेहुणा सोबत होता. लागोपाठ काही 'टण्' ऐकल्यावर तो उठला, माझ्या शेजारी पडलेली रिकामी केस उचलली आणि तिच्या बुडावरचा शिक्का चष्मा वर करून वाचला. .३०८ विंचेस्टर. मग दुसरी उचलली. तीवरही तेच.

"मग दारू वेगळी भरलीय तुम्ही," तो म्हणाला, आणि माझी खोकी एकेक करून उघडायला लागला.