पालमचं बिऱ्हाड बडोद्यात

पालमात बातमी फुटायला वर्तमानपत्र लागत नाही, कटिंगचं दुकान पुरतं. बडोद्याजवळच्या सावलीच्या जीआयडीसीत मला नोकरी लागली. ते पत्र बायकोला नीट वाचून दाखवायच्या आत गावानं माझ्या संसाराचं भविष्य ठरवून टाकलं होतं. "गुजरातला जायलास? तिथं मटण भेटत नाही, दारू भेटत नाही. मग पगाराचं करतोस काय?" हे विचारणारे तात्या स्वतः माळकरी. दोन्हींपैकी कशालाही त्यांनी उभ्या जन्मात हात लावलेला नव्हता. पण हक्क तो हक्क.

आमच्या जिल्ह्याच्या कपाळी एक जुनी म्हण आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' कुठंच नाही जमलं तर माणूस परभणीला येतो, इथवर ती सांगते. परभणी जिल्ह्यातूनच उठून निघालेल्याचं पुढं काय होतं, यावर ती मूग गिळून बसते.

"लई कर्मठ राज्य आहे," असा सल्ला देणाऱ्यांची घरी रीघ लागली. मी त्यांना चहा पाजत होतो, आणि माय मागल्या दारी सामान बांधत होती. आमच्या घरी मटणाचं पातेलं वेगळं. त्याचा मुक्काम गोठ्यातल्या खुंटीला. शिजवायचं ते अंगणात तीन दगडांवर, आणि शिजवणाऱ्यानं अंघोळ करूनच घरात यायचं. त्यातून सोमवार वजा, गुरुवार वजा, शनिवार वजा, एकादशी वजा, श्रावण अख्खा वजा. गंगाखेड जनाबाईंचं गाव, ते हाकेच्या अंतरावर, त्यामुळं अधूनमधून एखादा सप्ताह निघतो, तोही वजा. उरलेल्या दिवशी पाहुणे येत आणि त्यांच्यात एक तरी माळकरी असे. बायकोचं म्हणाल तर डोक्यावरचा पदर, दिवेलागणीनंतर बाजारात जायचं नाही, आणि वडील ओट्यावर बसलेले असले की मागल्या दारानं. याला आम्ही कुणी कर्मठ म्हणत नव्हतो. ही रीत. कर्मठ ते शेजारचं राज्य.

सामानात जवारीचं पोतं, येसर, भुरका, दोन गाद्या, लेकीची सायकल आणि धाकट्याचा पाळणा. पातेल्याबद्दल मायनं निर्णय दिला, "ते राहू दे हितंच. तिथं कशाला लागतंय?" मात्र एक बाटली तिनं आपल्या हातानं चिंध्यांत गुंडाळून पिशवीत ठेवली. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. नव्या घरात शिंपडायला जांभूळबेटाजवळून आणलेलं गंगेचं पाणी होतं ते.

आयशर टेम्पोत पुढं ड्रायव्हर, मी, बायको आणि दोन लेकरं. मागं संसार. गंगाखेड, परभणी, जालना, संभाजीनगर, धुळे असं करत उजाडताना नवापूरला पोचलो. तिथल्या रेल्वे स्टेशनाविषयी मी ऐकून होतो, म्हणून ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावली. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. प्लॅटफॉर्मवर एक बाकडं आहे, त्याच्या एका बाजूला महाराष्ट्र लिहिलंय, दुसऱ्या बाजूला गुजरात. लेक बरोबर मधोमध बसली आणि म्हणाली, "बाबा, मी कुठं बसले?" बायको म्हणाली, "आजवर मी बसले तिथंच. माहेर एका बाजूला, सासर दुसऱ्या बाजूला." ड्रायव्हर मात्र महाराष्ट्राच्या बाजूला उभं राहून तंबाखू मळत होता. पुढं काय मिळेल काय नाही, याचा त्याला भरवसा नव्हता.

हद्द ओलांडली आणि तपासणीला गाडी अडवली. गुजरातच्या दारूबंदीचा कायदा मुळात आपलाच, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली तेव्हा तो दोघांच्याही वाट्याला आला. त्यांनी तो मनावर घेतला, आणि २०१७ मध्ये दारू विकणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करून आणखी मनावर घेतला. आपण त्यातून परवाना नावाचा एक कागद काढला आणि निवांत झालो.

शिपायानं टेम्पोत डोकावून पाहिलं, पोत्यावर काठी मारली, पाळणा हलवून पाहिला. मग हात नेमका मायच्या पिशवीत गेला. चिंध्या सुटल्या आणि आतून निघाली चपटी बाटली. बूच घट्ट बसतं म्हणून मायनं गंगा क्वार्टरच्या बाटलीत भरलेली होती! लेबल खरवडलेलं, पण ओळख पटण्याइतकं शिल्लक.

"आ शुं छे?"

"गंगा आहे, साहेब."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की बायकोनं घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला. बूच उघडलं. वास घेतला. पुन्हा घेतला. दुसऱ्या शिपायाला दिला, त्यानंही घेतला. बाटली उन्हात धरली तर तळाशी गोदावरीचा गाळ. शेवटी एकानं तळहातावर चार थेंब घेतले, जिभेला लावले, आणि त्याचा चेहरा पडला. आता हे थुंकावं की काय करावं, हे त्याला कळेना. मग त्यानं उरलेला ओला हात स्वतःच्या डोक्यावरून फिरवला, बूच लावलं आणि "जाओ" म्हणाला. ड्रायव्हर पुढचा तासभर एकटाच हसत होता.

वाटेत सोनगड लागलं. किल्ला पिलाजीराव गायकवाडांचा. बडोद्याच्या गादीची सुरुवात इथून. म्हणजे मराठी माणसं या वाटेनं आमच्या आधी तीनशे वर्षं जाऊन बसली होती. फरक इतकाच की पिलाजीरावांना भाड्याचं घर शोधावं लागलं नाही.

आम्हाला लागलं. दलाल अतिशय गोड माणूस. आमचं नाव, गाव, पगार यांत त्याला काही रस नव्हता. पहिला प्रश्न, "नॉनवेज खाओ छो?" मी म्हणालो, "क्वचित." त्याच्या वहीत क्वचितचा रकाना नव्हता. वारांचा हिशेब सांगून पाहिला, श्रावण सांगितला, गोठ्यातलं पातेलं सांगितलं. एका घरमालकीणबाईंनी तर बायकोच्या हाताचा वास घेण्याइतपत जवळ येऊन विचारलं, "लसण?" मराठवाड्याच्या बाईला लसूण खाता का विचारणं! बायको म्हणाली, "अहो, चला. हे घर आपल्याला नाही मानवणार."

घर नाकारलं जाण्याची गंमत मी सांगतोय खरी, पण या शहरात ती गंमत नव्हती तेव्हाचीही गोष्ट आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेले बाबासाहेब आंबेडकर १९१७ च्या सप्टेंबरात संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा त्यांना कुणी खोली दिली नाही. पारशी नाव सांगून ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले. तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. ज्या राज्यानं १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याच राज्यात हे घडलं. कमाटीबागेत ते हताश होऊन बसले, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखतात. तिथं उभा राहिलो तेव्हा आपण लसणावरून तोंड वाकडं केलं याची लाज वाटली.

शेवटी कारेलीबागेत घर मिळालं. मालक काका निवृत्त, सज्जन, बोटात अंगठ्या. अकरा महिन्यांच्या करारात कलम स्पष्ट : मांस, मच्छी, अंडं या जागेत शिजणार नाही. मी अंड्याशी थबकलो. काका म्हणाले, "बहार जे खाओ ते तमारुं." बाहेर काय खाल ते तुमचं. हे वाक्य मी सहीच्या नादात नीट ऐकलं नव्हतं. सगळं गुजरात त्या एका वाक्यात भरलेलं आहे, हे पुढं समजलं.

समोरच्या दाराचे भाई एका रात्री म्हणाले, "चलो, चक्कर मारिए." स्कूटरवरून नेलं ते थेट आमलेटच्या गाडीवर. ज्या राज्याच्या करारात अंडं बसत नाही, तिथल्या तव्यावर अंड्याचं जे काही होतं ते मी महाराष्ट्रात कुठंही पाहिलेलं नाही. उकडलेलं किसून त्यात तळलेलं फोडतात, वर चीज, वर लोण्याची वडी, आणि त्या सगळ्याला 'घोटाळो' म्हणतात. गर्दी आमच्या सोसायटीच्या सभेला नसते इतकी. पण शिस्त कडक. कुणी कुणाला ओळखायचं नाही. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ हेल्मेट न काढता, नुसती काच वर करून खात होते. सकाळी लिफ्टमध्ये तेच भेटले, हात जोडून "जय श्री कृष्ण" म्हणाले. मीही म्हणालो. दोघांच्याही तोंडाला रात्रीच्या कांद्याचा वास येत होता.

नोव्हेंबर २०२१ मध्ये बडोद्यासह काही शहरांत या गाड्या रस्त्यावरून हटवायची, निदान झाकायची टूम निघाली होती. माणसानं बाहेर काय खावं हे तुम्ही कसं ठरवणार, असं डिसेंबरात गुजरात उच्च न्यायालयानं अहमदाबाद महापालिकेला सुनावलं. न्यायालयाला आमच्या काकांचं कलम माहीत असावं. तसंही २०१४ च्या सरकारी पाहणीत गुजरातेत मांसाहार करणारे सुमारे ४० टक्के निघाले होते. ते सगळे कारेलीबागेत येतात असा माझा अंदाज आहे.

लेकीला शाळेत घातलं. २०२३ पासून गुजरातमधल्या सगळ्या शाळांत गुजराती सक्तीची. आपणही २०२० मध्ये मराठी सक्तीची केलीच आहे, तेव्हा तक्रारीला जागा नाही. गुजराती अक्षरांना वरची रेघ नसते. दिवाळीआधी माय आली आणि नातीनं तिला वहीत मराठीतून 'आजी' लिहून दाखवलं, रेघ न देता. मायला लिहिता-वाचता बेताचंच येतं, पण तिनं वही लांब धरून पाहिली आणि म्हणाली, "डोईवरचा पदर पडलाय की गं ह्यांचा."

माय बडोद्यावर बेहद्द खूश होती. दारू नाही, मटण नाही, शेजारीण दारात रांगोळी काढते, जो तो देवाचं नाव घेतो. "असं राज्य पाहिजे," ती फोनवर तात्यांना सांगायची. नवरात्र आलं. आमच्याकडं नवरात्र म्हणजे घट, उपास, अनवाणी पाय, आणि जमलं तर तुळजापूरला चालत. पहिल्या माळेला रात्री दहाला बायको खोलीतून बाहेर आली ती आरशाचे तुकडे लावलेल्या चणियाचोळीत. पाठ उघडी, फक्त नाडी. शेजारच्या बेनची स्कूटर खाली उभी. "आत्याबाई, येते हं," म्हणाली आणि गेलीसुद्धा. मायनं माझ्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, देवाकडं पाहिलं.

बायको आली रात्री एकला. सोबत नवरा नाही, दीर नाही, भाऊ नाही. रस्त्यावर पोरीबाळींची जत्रा, पाणीपुरीच्या गाड्या चालू. पालमात त्या वेळेला रस्त्यावर फक्त कुत्री असतात आणि तीही ओळखीची. माय जागीच होती. "अन् ह्याला कर्मठ म्हणतेत व्हय?" एवढंच बोलली.

चौथ्या-पाचव्या माळेला सोसायटीच्या आवारातल्या गरब्यात सत्तरीच्या बायका गोल धरून फिरत होत्या. एका बेननं मायचा हात धरून ओढलं. मायला गरबा कुठला यायला! तिनं दिंडीतली पावली सुरू केली, दोन पुढं, एक मागं. गोलाची लय बिघडली, पाठीमागच्या दोघी एकमेकींवर आदळल्या. मग त्याच तिची पावली टाकू लागल्या. रोज रात्री तिला बोलावणं येऊ लागलं. निघताना तिनं सुनेला विचारलं, "माझ्या लुगड्याला ते आरसे लावून भेटतेत का?"

दसऱ्याला आमच्या गावाकडं अंगणातले तीन दगड तापतात. इथं सकाळी सहापासून फाफडा-जिलेबीच्या दुकानापुढं रांग. मी रांगेत उभा राहिलो. पुढं तेच हेल्मेटवाले गृहस्थ. खरं सांगतो, रश्शाची आठवण आली. ती थोडीफार भागते सेव-उसळीवर. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर मूठभर शेव, सोबत पाव आणि वेगळ्या भांड्यात लाल तरी. मराठी लोकांनीच ती इथं आणली असं ठासून सांगणारे बडोद्यात पुष्कळ भेटतात, आणि तरी जिभेवर ठेवली की पुरावा मागावासा वाटत नाही.

कराराची मुदत संपत आली तेव्हा मी बदलीचा विषय काढून पाहिला. पुण्याला जागा होती, मटण होतं, मराठी होतं. बायकोनं विचारलं, "रात्री एकला पुण्यात मला एकटीला स्कूटरवर जाऊ द्याल?" मी पुणेकरांच्या वाहतुकीबद्दल काहीतरी बोललो. तिनं काकांना फोन लावला. काकांनी भाडं दहा टक्क्यांनी वाढवलं, अंड्याचं कलम तसंच ठेवलं, आणि खाली सही या वेळी तिची आहे.

तेव्हा पालम-गंगाखेडकडून कुणी बिऱ्हाड घेऊन इकडं निघणार असेल तर जवारी आणि येसर भरपूर आणा. दलालाला खरं तेच सांगा. मटणाचं पातेलं खुंटीवर ठेवून या. आणि गंगा आणायचीच असेल तर ती स्टीलच्या डब्यात आणा.